फोटोसाठी नटलेला राजवाडा

आमच्याकडचा फोटोग्राफर म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस आधी वाघ विचारतो. किती काढले, किती जवळून, कुठल्या लेन्सने. मी खरं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर उभी हयात स्टुडिओ चालवला, पण वाघाचा एकही फोटो माझ्या नावावर नाही. मी माणसं काढली. वाघ कपडे बदलून येत नाही, कंगवा मागत नाही आणि फोटो हातात पडल्यावर ‘हा मी नाहीच’ म्हणून भांडतही नाही. त्यामुळे ते काम सोपं असावं, असा माझा समज आहे.

‘धंद्यातल्या गमती लिहा,’ असं संपादकांनी सांगितलंय. गमती आहेत, त्यातल्या थोड्या देतो. पण मला लिहायचंय ते एका राजवाड्याविषयी, आणि त्यात गंमत अजिबात नाही. दिवाळीचा फराळ गोड लागावा असं वाटत असेल, त्यांनी पान उलटावं.

आधी धंद्याचं एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत माणूस आहे तसा फोटोला बसत नाही. शहरातले लोक आता झोपेतून उठल्याचासुद्धा फोटो काढतात आणि जगाला दाखवतात. आमच्याकडे फोटो म्हणजे अंघोळ, तेल, इस्त्री आणि मग कॅमेरा. घुग्घुसच्या खाणीत काम करणारा एक जण सासुरवाडीला आला की माझ्याकडे यायचा. स्टुडिओच्या मागच्या नळावर साबणाने तोंड घासून घासून लाल करायचा, तरी कोळशाची बारीक भुकटी पापण्यांच्या मुळाशी राहायचीच. फोटोत ती काजळ घातल्यासारखी दिसायची. ‘भाऊ, तेवढं काढून टाका, गावात हासतात मले,’ म्हणायचा. मी बसून त्याचं काजळ पुसायचो. मेलेल्या माणसांचे केससुद्धा मी फोटोत विंचरून दिलेत.

एकदा हेमलकशाच्या पुढं, आत जंगलातल्या एका गावात ओळखपत्रांचे फोटो काढायला गेलो होतो. गावात पांढरा शर्ट एकच होता. पहिला माणूस तो घालून बसला, उठल्यावर त्याने तो काढून दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांचे फोटो त्या एका शर्टात निघाले. पुढे तालुक्याच्या साहेबाने मला बोलावून घेतलं. हे सगळे एकाच माणसाचे फोटो आहेत, असा त्याला संशय आला होता. मी त्याला चेहरे बघायला सांगितलं. चेहऱ्यांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

यावर हसणारे पुष्कळ भेटतात. मला हसू येत नाही. फोटो आपण जिथे जाऊ शकत नाही तिथे जातो. साहेबाच्या टेबलावर, सोयरिकीच्या घरी, पुढच्या पिढीच्या भिंतीवर. आपल्या जागी उभं राहायला पाठवायचं ते आपण दरिद्री कसं पाठवणार? या एका सवयीवर माझं पोट भरलं. पण माणसाची ही सवय कोणी एखाद्या इमारतीलाही लावेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो राजवाडा प्राणहितेच्या अलीकडे, सागाच्या जंगलातल्या एका गावात आहे. होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आता जाऊन बघण्यासारखं तिथे काही राहिलेलं नाही. तिथले जुने जमीनदार, ज्यांना सगळा मुलूख राजे म्हणायचा, कधीतरी नागपूरला जाऊन इंग्रज साहेबांचे बंगले बघून आले आणि मला असंच पाहिजे म्हणून बसले. पुढे घोडागाडी उभी राहील असा खांबांचा मंडप, दोन माणसांच्या कवेत न मावणारे गोल खांब, अर्धगोल कमानी, रंगीत काचा, आत वर चढणारा लोखंडी गोल जिना. दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटीची जागासुद्धा, वर धुराड्यासकट. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघतो. त्या शेकोटीत कधी विस्तव पेटला नाही, धुराड्यात वटवाघळं तेवढी सुखाने नांदली.

या विलायती वाड्याचा सांगाडा मात्र पक्का इथला. तुळया, खांडं, पाट्या, सगळं जंगलातलं जुनं सागवान. आणि खांबांच्या माथ्यावर साहेबांच्या बंगल्यावर असतात तशी विलायती पानांची नक्षी काढायला सांगितली होती, तर ती पानं कारागिरांनी कधी पाहिलेली नव्हती. त्यांनी चुन्यात मोहाच्या फुलांचे घोस काढले.

हे मला सांगितलं नागपूरच्या एका मॅडमनी. जुन्या इमारती दुरुस्त करणं हा त्यांचा व्यवसाय. राजघराण्यातले आताचे वारस, गाव त्यांना धाकटे राजे म्हणतं, नागपुरात राहतात. त्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं होतं: सरकारने वाडा संरक्षित म्हणून ताब्यात घेऊन दुरुस्त केला तर ठीक, नाहीतर सागवानाला गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे वाडा पाडायचा आणि लाकूड विकायचं. निर्णय घेणारी सरकारची एक समिती होती. त्या रस्त्याने प्रत्यक्ष जायला समितीतलं कोणी तयार नव्हतं, त्यामुळे सगळं फोटोंवर ठरणार होतं.

‘मला त्याचं दुखणं दिसलं पाहिजे,’ मॅडम म्हणाल्या. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा होत्या. वरचा सज्जा पुढे कलला होता. छतातून आभाळ दिसत होतं. ‘आणि ती मोहाची फुलं दिसली पाहिजेत. विलायती खांबावर मोह देशात दुसरीकडे कुठे आहे, मला माहीत नाही. एवढं दाखवता आलं तर वाडा वाचेल.’

मॅडमनी स्वतःच्या मोबाइलवर काही फोटो काढलेले होते, पण समितीला ताजे, मोठे आणि खांब सरळ दिसतील असे पाहिजे होते. उंच इमारतीकडे खालून कॅमेरा उचलला की खांब मागे पडल्यासारखे दिसतात. ते सरळ ठेवायला वेगळी लेन्स आणि पुष्कळ चिकाटी लागते. माझ्याकडे दोन्ही होतं. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? जन्मभर नवरदेवांचे फेटे सरळ केले, आता एकदा राजवाड्याचे खांब सरळ करायला मिळत होते.

मी गेलो ते ऐन उन्हाळ्यात. सागाची पानं गळलेली असतात, त्यामुळे वाडा गावाच्या बराच आधी झाडांतून दिसतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. तो दिसला. पांढराशुभ्र दिसला. आधी वाटलं ऊन आहे. मग वाटलं मी रस्ता चुकलो आणि ही कुठलीतरी नवी आश्रमशाळा आहे. गाडी अंगणात लावली आणि तसाच बसून राहिलो. डोळ्यांना खुपेल असा, नीळ घातलेल्या चुन्याने आख्खा वाडा रंगवलेला होता. खाली गेरूचा पट्टा. दारं-खिडक्या हिरव्या ऑइलपेंटने चकाकत होत्या. कमानींना आंब्याची तोरणं होती. आणि पायऱ्यांवर सगळं गाव धुतलेल्या कपड्यांत उभं होतं.

पुढे आला तो सन्नूभाऊ. वाड्याचा राखणदार. वाड्याच्या मागच्या स्वयंपाकघरात तो आणि त्याची बायको कमलाबाई राहायचे, त्याचा बापही तिथेच राहिला होता. उंच, वाळलेला माणूस. हाताच्या बोटांना चुन्याने भेगा पडल्या होत्या.

‘या भाऊ. उशीर केला जी. सारेजन सकाळपासून वाट पाहून राह्यले.’

‘हे कोणी केलं?’ मी विचारलं.

‘गावानं. घरटी एक मानूस लावला. तेंदूपत्ता सोडून आलो सारे.’

बाहेरच्या वाचकाला याचा अर्थ कळायचा नाही. तेंदूची पानं तोडायचा हंगाम उन्हाळ्यात थोडेच दिवस असतो आणि वर्षभराचं मीठ-मिरची, कपडालत्ता त्यावर असतं. तो हंगाम टाकून ही माणसं भिंती रंगवत होती.

‘पण काऊन?’ घाबरलो की मी माझ्या घरच्या बोलीत घसरतो.

‘काऊन म्हंजे? धाकल्या राजाचा फोन आला. म्हने, वाड्याचा फोटू सरकारले दाखवाचा हाये. मंग सरकारपुढं असा फाटका उभा करू का त्याले? फाटका मानूस हापिसात गेला तं शिपाई दारातून हाकलते. भेगा पाहून सरकार का म्हनन? म्हनन, हा तं मेलाच हाये, याच्यावर कायले खर्च कराचा?’

त्याने सरकारी कचेऱ्या जेवढ्या पाहिल्या होत्या त्यावरून त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

मग त्याने मला वाडा दाखवला. अभिमानाने दाखवला. ‘इथी हात जात होता, भाऊ. आता पाहा, नख जाते का?’ माती, शेण आणि धानाची तणस कालवून त्यांनी एकेक भेग बुजवली होती. छतातलं आभाळ दिसू नये म्हणून आतून लग्नाच्या मांडवाचं कापड ताणून बांधलं होतं. कललेल्या सज्ज्याखाली बांबू लावून त्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. आणि खांबांच्या माथ्यावर मोहाच्या फुलांच्या जागी चुन्याचे गुळगुळीत गोळे होते. तिथे नक्षी आहे म्हणून मुद्दाम तीन-तीन हात दिले होते, सगळ्यात जास्त मायेने.

मी म्हणालो, ‘सन्नूभाऊ, एवढा एक खांब खरवडू का?’

त्याच्या आधी कमलाबाई बोलली. ‘पोरीच्या तोंडावरची हळद पुसता का जी भाऊ?’

मागच्या बाया हसल्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. मला तिथेच खाली बसून रडावंसं वाटलं. एकाही माणसाने काही वाईट केलेलं नव्हतं. रागवायला कोणी सापडत नव्हतं, आणि राग तर मस्तकात गेला होता.

नेटवर्कसाठी गावाबाहेरच्या टेकडीवर चढावं लागतं. चढलो, मॅडमना सांगितलं. मग त्या म्हणाल्या, ‘खरवडू नका. जुना चुना नव्याबरोबर सुटून येईल, फुलं कायमची जातील. ते काम जाणकार माणसाने सावकाश करायचं असतं. समितीची बैठक पुढे ढकलून मागते.’ मी टेकडीवरच थांबलो. तासाभराने त्यांचा फोन आला, बैठक पुढे जाणार नव्हती. शेवटी जे आहे ते काढून पाठवा, एवढंच उरलं.

आता माझी विद्या सांगतो. समोरून पडलेला उजेड सगळं झाकतो, तिरका उजेड सगळं उघडं पाडतो. बाईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायच्या तर दिवा समोर, आणि भिंतीचे फुगवटे दाखवायचे तर उजेड बाजूने. म्हणून मी ऊन उतरायची वाट पाहिली. उन्हाने मान टाकली, तसं बुजवलेल्या भेगांचे वण भिंतीवर उठायला लागले. खांबांच्या पोटाचे फुगवटे दिसायला लागले. मी धावत सुटलो. या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, सज्ज्याखाली आडवा पडून काढले. गाव माझ्यामागून फिरत होतं.

मध्येच मी सन्नूभाऊला विचारलं, ‘हा वाडा राजाचा. तुमच्या आजोबांनी इथे फुकट वेठ केली. तुम्हाला एवढी माया कशाची?’

‘आमच्या आज्यानं खांदा सोलून हे सागवान आनलं, भाऊ. राजानं का केलं? पाह्यलं निसतं. मंग वाडा कोनाचा झाला? दसऱ्याले बाराही गावचे देव इथीच येऊन बसते. राजे तिकडं नागपुराले. आमी कुठी जाऊ?’

रात्री घरी येऊन फोटो पडद्यावर उघडले तेव्हा मी हबकलो. ज्या तिरक्या उजेडाने दुखणं उघडं पडावं म्हणून धडपडलो, त्याच उजेडाने तो पांढरा वाडा सोन्यासारखा उजळला होता. वण होते, पण कसबी कारागिराने मुद्दाम ठेवलेल्या पोतासारखे. मी आयुष्यात काढलेला तो सगळ्यात सुंदर फोटो आहे. धंद्याचा माणूस म्हणून सांगतो, त्यात एक रेष इकडची तिकडे करावी असं नाही. मला तो बघवत नाही.

सगळे फोटो गेले. मॅडमनी सोबत सगळं समजावून लिहिलं. बैठकीनंतर त्यांचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. समितीतल्या एकाने म्हणे माझा तो फोटो हातात धरून सांगितलं, एवढी नीट राखलेली जुनी इमारत मी उभ्या विदर्भात पाहिली नाही. गावकरीच सांभाळत असतील तर आपण कशाला हात घालायचा? मॅडमनी आपले मोबाइलवरचे भेगांचे फोटो पुढे केले. त्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. हे दुरुस्तीच्या आधीचे, ते दुरुस्तीच्या नंतरचे. झालं. ज्यांचे वाडे खरोखर पडायला आलेत त्यांना आधी पैसे द्यावेत, असं ठरलं.

पावसाळ्यात भेगांत भरलेली माती वाहून गेली, सज्जा कोसळला. धाकट्या राजांनी लाकूड विकलं. त्याच सुमाराला तो फोटो कुठून कुठून फिरत माझ्याच मोबाइलवर आला. खाली कुणीतरी ‘आपला वारसा, आपला अभिमान’ असं लिहिलं होतं.

हिवाळ्यात मॅडम म्हणाल्या, उरलंय तेवढ्याची नोंद तरी करून या. मी निघालो. निघताना त्या फोटोची मोठी प्रत चौकटीत बसवून पिशवीत घेतली. सन्नूभाऊला द्यावी, निदान त्याच्या घरात वाडा राहील, असं वाटलं होतं.

छप्पर उतरवून झालं होतं. अंगणात तुळया ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर जंगल खात्याचा शिक्का. दोन ट्रक भरत होते. लोखंडी जिना उचकटून आडवा टाकलेला. भिंती मात्र उभ्या होत्या, पावसाने चुना वाहून मळकट पट्टे पडलेल्या. खांबांच्या माथ्यावर बघायला मी मान वर केली. नक्षीच्या जागी विटा दिसत होत्या. ओला चुना आपल्यासोबत मोह घेऊन गळून पडला होता.

सन्नूभाऊ एका तुळईवर बसला होता. त्याच्या स्वयंपाकघरावर ताडपत्री होती. मी त्याच्या शेजारी टेकलो. मग त्याने विचारलं, ‘भाऊ, सरकारनं काऊन नाई म्हटलं? आमचं का चुकलं?’

कमलाबाई दारात येऊन उभी राहिली. आणखी चार-पाच जण तुळयांवर टेकले होते, ते माझ्याकडे बघायला लागले. हंगाम टाकून आलेलीच माणसं ती. पिशवी माझ्या मांडीवर होती. चौकटीचा कोपरा पोटाला टोचत होता. खरं सांगितलं असतं तर ते जन्मभर स्वतःच्या हातांकडे बघत बसले असते.

मी म्हणालो, ‘तुमचं काही चुकलं नाही. माझा फोटो बिघडला.’

कमलाबाई दारातून पुढे आली.

‘धूसर आला,’ मी म्हणालो. ‘सरकारला वाडा नीट दिसलाच नाही.’

एवढ्या वर्षांत माझा फोटो बिघडला असं मी कोणापुढे म्हटलेलं नाही. त्या गावात आता माझं नाव फोटू बिघडवणारा असंच आहे. आसपासच्या दोन गावांतली लग्नंही गेली. जाऊ देत. मी पिशवीची चेन लावून घेतली.

सन्नूभाऊने थोडा विचार केला. शिव्या देईल असं वाटलं, द्यायला पाहिजे होत्या. पण त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, कितीतरी महिन्यांत झाला नसेल तसा. तो उठला, त्याने त्या उघड्या भिंतींकडे नीट बघून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘येवढंच होतं का जी? मंग दुसरा काढा न, भाऊ. भिंती हायेत अजून. आमी उद्याच पुन्हा चुना मारतो.’